भरल्या माकल्या : बिघडतात का आणि साधतात कशा

भरली वांगी ज्या घरात उत्तम होतात, त्या घरातही भरल्या माकल्या पुष्कळदा बिघडतात. किनाऱ्यापासून वीस-पंचवीस किलोमीटर आत राहणाऱ्या कुटुंबांना हा अनुभव विशेष येतो. बाजाराच्या दिवशी घरधनी किलोभर माकल्या घेऊन येतो. गृहिणी वांग्याप्रमाणेच त्यांत ओल्या नारळाचे सारण ठासून भरते आणि वांगी शिजावयास जेवढा वेळ लागतो तेवढाच वेळ, म्हणजे दहा-पंधरा मिनिटे, त्या शिजवते. ताटात पडते ते रबरासारखे चिवट. सारण तर त्यापूर्वीच फुटून रश्श्यात उतरलेले असते. मुले चघळून कंटाळतात, वृद्ध माणसे तुकडा ताटाच्या कडेला सारतात, आणि पुन्हा माकली घरात आणावयाची नाही असे ठरते.

दोष सामान्यतः माकलीच्या माथी मारला जातो. ती जून होती, शिळी होती, विकणाऱ्याने फसविले, असे म्हटले जाते. वस्तुतः बहुतेक वेळा माकली ताजी आणि कोवळीच असते. चूक होते ती वेळेच्या हिशोबात. वांगे जितके अधिक शिजेल तितके मऊ होत जाते. माकलीचे तसे नाही. आचेवर पडल्यावर पहिली दोन-तीन मिनिटे ती मऊ असते, त्यानंतर कठीण होत जाते, आणि अर्धा तास उलटल्यावर पुन्हा मऊ पडू लागते. वांग्याच्या वेळेत शिजविलेली माकली नेमकी या कठीण अवस्थेत चुलीवरून उतरते. हे एक मर्म ज्या घरात समजले, तेथे भरली माकली हा सणावाराचा पदार्थ होऊन बसतो.

माकलीची ओळख

माकलीस बाजारात मासळी म्हणून विकले जात असले तरी ती मासा नव्हे. तिसऱ्या, कालवे आणि शिंपले यांच्याच मोठ्या कुळातील हा मृदुकाय प्राणी आहे. रत्नागिरीपासून मुंबईपर्यंत माकली, माकूल, नळ माकूल अशी तिची नावे ऐकू येतात. मालवणकडे तिला म्हाकूल म्हणतात आणि गोव्यात माणकी. आपल्या किनाऱ्यावर सर्वसामान्यपणे मिळणाऱ्या जातीचे शास्त्रीय नाव युरोट्युथिस डुवॉसेली असे आहे. एका टोकास निमुळता झालेला पोकळ नळा हे तिचे शरीर होय. नळ्याच्या निमुळत्या बाजूस दोन पंख असतात, उघड्या बाजूस डोके असते आणि डोक्याला आठ आखूड बाहू व दोन लांब शुंडा असतात. पाठीच्या आत पारदर्शक पिसासारखा एक पातळ काटा असतो. या प्राण्यास तीन हृदये असतात, आणि रक्तात लोहाऐवजी तांब्याचे संयुग असल्यामुळे ते निळसर दिसते. शाळेतील मुलांस ही गोष्ट सांगितली तर माकली साफ करण्याच्या कामास मदतनीसांची वाण पडत नाही.

माकलीचे आयुष्य सुमारे वर्षभराचे असते. तेव्हा बकऱ्याच्या मटणास लावतो त्या अर्थाने माकली ‘जून’ निघाली असे म्हणणे फारसे बरोबर नाही. मोठ्या माकलीचा नळा जाड असतो, म्हणून तिला शिजावयास वेळ अधिक लागतो, एवढेच.

त्याच बाजारात आणखी एक प्राणी माकूल या नावाने विकला जातो. त्याचे शरीर रुंद व चपटे असून पाठीत पांढरे, ठिसूळ कवच असते. हेच कवच समुद्रफेस म्हणून ओळखले जाते. हा प्राणी चवीस उत्तम आहे, तथापि भरण्याच्या कामी उपयोगी नाही, कारण कवच काढण्यासाठी त्याची पाठ चिरावी लागते आणि मग पोकळ पिशवी उरत नाही. भरण्यासाठी घ्यावयाची ती नळ्याच्या आकाराची माकलीच.

१९७० च्या दशकात परदेशी निर्यात वाढीस लागेपर्यंत आपल्या देशात माकलीस फारशी किंमत नव्हती. अन्य मासळीबरोबर जाळ्यात आली तर ती बहुधा गळाला आमिष म्हणून लावली जाई. पुढे निर्यातीमुळे तिला भाव आला आणि गरिबाघरची ही वस्तू महाग होऊ लागली. त्यामुळे किलोभर माकल्या वाया जाणे ही आता लहान हानी राहिलेली नाही. शंभर ग्रॅम कच्च्या माकलीत सुमारे १५ ते १६ ग्रॅम प्रथिने असतात आणि स्निग्धांश जेमतेम दीड ग्रॅम असतो. ब-१२ हे जीवनसत्त्व, तांबे आणि सेलेनियम यांचाही पुरवठा तिच्यातून होतो. मात्र त्याच शंभर ग्रॅमांत दोनशे मिलिग्रॅमहून अधिक कोलेस्टेरॉल असते, म्हणून ज्यांना वैद्यांनी त्याबाबत पथ्य सांगितले आहे त्यांनी प्रमाण राखून खावे. कोळंबी खाल्ल्यावर ज्यांच्या अंगावर पित्त उठते किंवा श्वास लागतो, त्यांनाही माकलीने तसाच त्रास होण्याचा संभव असतो. पाहुण्यांस वाढण्यापूर्वी ही विचारणा अवश्य करावी.

पारख आणि जपणूक

पावसाळ्यात, जून व जुलै या महिन्यांत, यांत्रिक नौकांच्या मासेमारीस बंदी असते. त्या काळात दिसणारी माकली बहुधा शीतगृहातील असते. नौका समुद्रात उतरल्यावर उन्हाळ्यापर्यंत ताजा माल मिळतो. प्रकाशाकडे ओढ घेण्याचा माकलीचा स्वभाव आहे. त्याचा लाभ उठवून प्रखर एलईडी दिव्यांच्या साहाय्याने होणाऱ्या मासेमारीवर केंद्र सरकारने २०१७ साली बंदी घातली, कारण त्या उजेडाकडे लहानमोठे सारेच जीव ओढले जाऊन जाळ्यात सापडतात.

ताज्या माकलीच्या कातडीवर जांभळट-तपकिरी ठिपके स्पष्ट दिसतात. आतील मांस काचेसारखे अर्धपारदर्शक किंवा दुधासारखे पांढरे असते, डोळे स्वच्छ असतात आणि वास समुद्राच्या पाण्याचा येतो. कातडीचा रंग मांसात उतरून ते गुलाबी पडले असेल, बोटाने दाबल्यावर खळगा तसाच राहत असेल, किंवा नाकात झोंबणारा उग्र वास येत असेल, तर ती माकली घेऊ नये. विकणारी ओळखीची असो वा नसो, टोपलीतील वरच्या थराखालील एक-दोन माकल्या पाहावयास मागाव्यात. त्यात संकोच बाळगण्याचे कारण नाही.

भरण्यासाठी नळ्याची लांबी बारा ते पंधरा सेंटिमीटर, म्हणजे साधारण एक वीत भरण्यास थोडी कमी, असावी. सर्व माकल्या शक्यतो एका मापाच्या निवडाव्यात, अन्यथा एक शिजते तेव्हा दुसरी चिवटच राहते. माकली बर्फात ठेवावयाची झाल्यास प्लास्टिकच्या स्वच्छ पिशवीत घालून ठेवावी व पिशवीच्या वर-खाली बर्फ पसरावा. बर्फाचे वितळलेले पाणी थेट लागले की कातडीचा रंग उतरतो आणि मांस पाणी शोषून पिचपिचीत होते. बर्फ मासळीच्या वजनाइतका तरी असावा. ज्या घरी शीतकपाट नाही, त्यांनी आणलेल्या दिवशीच शिजवून मोकळे व्हावे.

साफ करण्याची रीत

एका हाताने नळा व दुसऱ्या हाताने डोके धरून हलक्या हाताने पिळा देत ओढले असता डोक्याबरोबर आतील सर्व आतडी बाहेर येतात. हिसका देऊ नये. आतड्यांना चिकटलेली एक लहान रुपेरी पिशवी असते, ती शाईची. ती फुटली तर सर्व काळे होते, पण बिघडत काहीच नाही. पाण्याने धुतले की काळेपणा जातो. स्पेन व इटलीत तर ही शाई मुद्दाम कालवणात घालतात. नळ्याच्या आत बोट घालून पारदर्शक काटा ओढून काढावा. तो आत राहिला तर भरताना नळा फाडतो, आणि खाणाऱ्याच्या टाळ्याला टोचतो ते निराळेच.

डोळ्यांच्या खाली सुरी चालवून बाहू वेगळे करावेत. बाहूंच्या मध्यभागी पोपटाच्या चोचीसारखी कठीण चोच असते, ती दाबून बाहेर काढावी. बाहूंवरील चूषकांत वाळू अडकते, म्हणून ते मिठाच्या पाण्यात चोळून धुवावेत. बाहू टाकून देण्याची चाल कित्येक घरांत आहे. ती सोडावी, कारण सारणाची खरी चव त्यांतच आहे. नळ्यावरील ठिपकेदार कातडी मीठ लावून कोरड्या फडक्याने ओढली की सुटते. पंखही हळूच ओढून घ्यावेत आणि बारीक चिरून सारणात वापरावेत. सुरीने कापू गेल्यास नळ्यास भोक पडण्याची भीती असते. कातडी ठेवली तरी चालते, परंतु तिच्यामुळे नळा अधिक आखडतो आणि रश्श्यास जांभळट रंग येतो. शेवटी नळ्याच्या निमुळत्या टोकास तांदळाएवढे छिद्र पाडावे. त्याचा उपयोग पुढे भरताना कळतो.

डोळे, चोच, काटा आणि आतडी वगळता माकलीचा सुमारे पाऊण भाग खाण्याजोगा असतो. तिच्याइतका कमी नास असलेली मासळी थोडी.

चिवटपणाचे कारण

माकली पोहते ती नळ्यात पाणी घेऊन ते जोराने बाहेर फेकून. या कामासाठी तिच्या नळ्याच्या भिंतीत बळकट स्नायूंचे थर असतात, आणि त्या थरांच्या आत-बाहेर कोलॅजन नावाच्या चिवट द्रव्याची तंतुमय आवरणे असतात. पिंपास लोखंडी पट्ट्या आवळाव्यात तशी ही रचना आहे. उष्णता सुमारे ६० अंश सेल्सिअसच्या पलीकडे गेली की स्नायूंतील प्रथिने थिजून आकसतात, कोलॅजनही आखडते, आणि आतील पाणी पिळून बाहेर पडते. नळा आखूड व जाड होतो. चिवटपणा येतो तो येथे. ही क्रिया पूर्ण होण्यापूर्वीच माकली आचेवरून उतरविली तर ती कोवळी राहते.

उतरविली नाही तर पुढे एकच मार्ग उरतो. ओल्या व मंद आचेवर बराच वेळ राहिल्यावर कोलॅजन हळूहळू विरघळते आणि त्याचे मऊ जिलेटिन होते. बकऱ्याच्या पायांचा रस्सा तासन् तास उकळल्यावर बोटांना जो चिकटपणा लागतो, तो याच जिलेटिनचा. आखडलेली माकली या वाटेने पुन्हा मऊ होते. म्हणून भरली माकली एकतर झटपट करावी, नाहीतर निवांत करावी. मधल्या वेळेत चुलीवरून उतरवू नये. ज्यांनी दहाव्या मिनिटास चाखून पाहिले आणि आता हे कधीच शिजणार नाही अशी खात्री करून घेतली, त्यांनी आणखी अर्धा तास धीर धरला असता तर वाढपाच्या वेळी त्यांनाच आश्चर्य वाटले असते.

कच्च्या पपईचा लेप लावून मांस मऊ करण्याची युक्ती पुष्कळांस ठाऊक आहे. माकलीस ती लावावयाची असल्यास पंधरा मिनिटांहून अधिक ठेवू नये. अधिक वेळ ठेवल्यास वरचा भाग पिठासारखा होतो आणि भरताना नळा हातातच फाटतो. माकली ताजी असेल तर पपईची गरज नाही.

सारण

आठ मध्यम माकल्यांसाठी दोन कांदे, आठ-दहा लसणाच्या पाकळ्या, बोटाच्या पेराएवढे आले, अर्धी वाटी ओला नारळ, दोन चमचे मालवणी मसाला, पाव चमचा हळद, तीन-चार आमसुले, मूठभर कोथिंबीर आणि चवीपुरते मीठ एवढे जिन्नस लागतात. घरी सोडे किंवा सुकी करंदी असल्यास मूठभर भाजून कुटून घालावी. साध्या सारणात तिने मोठा फरक पडतो. सुक्या मासळीत मीठ असते, ते ध्यानात ठेवून वरचे मीठ बेताने घालावे.

तेलावर कांदा गुलाबी होईपर्यंत परतून आले-लसूण घालावे, मग मसाला व हळद. त्यावर बारीक चिरलेले बाहू व पंख घालून दोन-तीन मिनिटे मोठ्या आचेवर परतावे, आणि शेवटी नारळ, आमसुलांचे बारीक तुकडे व कोथिंबीर घालून उतरवावे. सारण ओलसर वाटल्यास चमचाभर भाजलेले तांदळाचे पीठ किंवा मूठभर शिळा मोकळा भात मिसळावा. पाणी सुटणारे सारण नळ्यात टिकत नाही. वांग्यात कच्चा मसाला भरला तरी चालतो, कारण वांग्याबरोबर तोही शिजतो. झटपट तळावयाच्या माकलीत तेवढा अवकाश नसल्यामुळे सारण आधीच पूर्ण शिजलेले असले पाहिजे.

भरताना नळ्याचा एक तृतीयांश भाग रिकामा ठेवावा. नळा आखडतो, सारण आखडत नाही. ठासून भरलेली माकली फुटणारच. निमुळत्या टोकास पाडलेल्या छिद्रातून आतील हवा निघून जाते, सारण टोकापर्यंत पोहोचते, आणि शिजताना वाफेलाही वाट मिळते. तोंड बंद करण्यास माडाच्या हिराची धुतलेली काडी टाका घातल्याप्रमाणे आरपार ओवावी. आठ माकल्यांस आठ काड्या मोजून घ्याव्यात आणि वाढण्यापूर्वी आठ परत मोजाव्यात. काडी मुलाच्या घशात गेल्यावर पश्चात्ताप करून उपयोग नसतो.

झटपट रीत

नळे फडक्याने पूर्ण कोरडे करून बाहेरून हळद, मीठ व मसाला चोळावा. सारण गरम असतानाच भरावे आणि भरल्यावर लगेच तळावे. गरम सारण घातलेल्या कच्च्या माकल्या तासन् तास तशाच पडू देणे आरोग्यास धोक्याचे आहे. तांदळाच्या पिठात किंवा रव्यात घोळवून चांगल्या तापलेल्या तव्यावर थोड्या तेलात एका वेळी तीन-चारच सोडाव्यात. तवा भरून टाकल्यास उष्णता उतरते, माकलीस पाणी सुटते, आणि ती तळण्याऐवजी स्वतःच्याच पाण्यात शिजू लागते. एकेक मिनिटाने फिरवीत तीन मिनिटांत उतरवावी. पांढरा अपारदर्शक रंग आला आणि नळा टपोरा दिसू लागला की पुरे. रंग अधिक खरपूस यावा या मोहाने आणखी पाच मिनिटे ठेवणारा स्वयंपाकी सर्व श्रम वाया घालवितो. ही माकली ताबडतोब खावी. पुन्हा गरम केली की तीच चिवट होते.

निवांत रीत

शेतावरून परत येण्याची वेळ निश्चित नसलेल्या घरांना ही दुसरी रीत अधिक सोयीची आहे. जाड बुडाच्या पातेल्यात किंवा मातीच्या भांड्यात कांदा परतून त्यात भाजलेल्या खोबऱ्या-कांद्याचे वाटण, मसाला व मीठ घालावे आणि दोन वाट्या गरम पाणी ओतावे. उकळी आल्यावर भरलेल्या माकल्या एका थरात ठेवून झाकण घालावे. चुलीवर शिजवीत असल्यास लाकडे मागे ओढून निखाऱ्यांवर ठेवावे. वैलावरची मंद आच या पदार्थास उत्तम मानवते. रस्सा खळखळ उकळू देऊ नये, नाहीतर तोंडे सुटून सारण बाहेर येते. प्रेशर कुकरच्या जोरदार वाफेतही भरलेले नळे फुटण्याचा संभव असतो, म्हणून या कामी तो टाळावा.

पंधराव्या मिनिटास झाकण काढून पाहिले तर माकल्या आखडलेल्या दिसतील आणि सुरी टोचली असता कठीण लागतील. झाकण पुन्हा घालावे. पस्तिसाव्या मिनिटानंतर दाभणाने किंवा सुरीच्या टोकाने तपासावे. टोक विनासायास आत गेले की शिजल्या. जाड माकल्यांस पन्नास मिनिटेही लागू शकतात. मध्ये पाणी कमी झाल्यास गरम पाणीच घालावे. रश्श्यातील आमसुले शेवटच्या पाच मिनिटांत टाकावीत. हा रस्सा तांदळाच्या भाकरीबरोबर विशेष लागतो, आणि दुसऱ्या वेळी गरम केला तरी माकली मऊच राहते.

गोवा आणि जपान

गोव्यात माणकी भरताना रेशाद मसाला वापरतात. सुक्या मिरच्या, लसूण आणि इतर मसाले माडाच्या सिरक्यात वाटून तो करतात. रेशाद हा शब्द पोर्तुगीज ‘रेशादू’ म्हणजे ‘भरलेला’ या शब्दावरून आला आहे, आणि पोर्तुगालमध्ये भरलेल्या माकल्या आजही घरोघर होतात. तेथून आलेले नाव गोव्यात मसाल्यालाच चिकटले.

जपानची गोष्ट शेतकऱ्यांनी ध्यानात घेण्याजोगी आहे. तेथील होक्काइदो बेटावरील मोरी या रेल्वे स्थानकावर १९४१ साली ‘इकामेशी’ नावाचा पदार्थ विकला जाऊ लागला. युद्धामुळे तांदळाची टंचाई होती आणि माकली मात्र मुबलक मिळत होती. तेव्हा नळ्यात थोडा तांदूळ भरून ती गोडसर सोया रसात शिजवावयाची, म्हणजे थोड्या तांदळात प्रवाशाचे पोट भरावे, अशी ही युक्ती. टंचाई गेली, पदार्थ राहिला. तेथे तांदूळ कच्चा भरतात. तो फुगतो, म्हणून नळा जेमतेम अर्धा भरतात आणि निवांत रीतीनेच शिजवितात. आपल्याकडेही एखाद्या घरी सारणात मूठभर कोलमचा भात घालून पाहावा.

ग्रामपातळीवरील प्रात्यक्षिक

महिला मंडळात किंवा बचत गटात ही माहिती नुसती सांगून उपयोग होत नाही. ‘आमच्याकडे असेच शिजवितात’ असे उत्तर येते, आणि त्यात त्यांचे चुकते असेही नाही. त्यापेक्षा एकच माकली साफ करून तिचे एकसारखे कडे कापावेत. काही उकळत्या पाण्यात घालून दोन मिनिटांनी काढावेत. काही दहा मिनिटांनी काढावेत, आणि उरलेले मंद आचेवर पाऊण तास ठेवावेत. तिन्ही वाट्या समोर ठेवून उपस्थितांपैकी एखाद्या आजीबाईंना चाखावयास द्याव्यात. ज्यांचे दात उरलेले नाहीत त्यांचा निर्णय या बाबतीत सर्वांत विश्वसनीय ठरतो. प्रात्यक्षिकाचा पाऊण तास भरेपर्यंत साफ करण्याची व भरण्याची रीत दाखविता येते, त्यामुळे वेळ मोडत नाही. प्रारंभीच कोणास कोळंबी किंवा शिंपले सोसत नाहीत काय, हे विचारून घ्यावे.

मालवण, तारकर्ली, हर्णे या बाजूस पर्यटकांना जेवण देणाऱ्या पुष्कळ महिला आहेत. त्यांच्यापुढील अडचण वेगळी असते. पाहुणे एकाच वेळी येतात, आणि तळलेल्या माकल्या आधी करून ठेवाव्यात तर चिवट होतात. त्यांनी नळे सकाळीच साफ करून पिशवीत घालून बर्फात ठेवावेत. सारण शिजवून, लवकर गार करून, झाकून शीतकपाटात ठेवावे. मागणी आली की लागेल तेवढेच सारण चांगले गरम करून भरावे व तळावे. रश्श्यातील माकल्या मात्र सकाळी करून शीतकपाटात ठेवण्यास व वाढण्यापूर्वी वाफ येईतो गरम करण्यास हरकत नाही. विक्रीसाठी अन्न शिजविणाऱ्यांना अन्न सुरक्षा व मानके कायदा, २००६ अन्वये नोंदणी करावी लागते, हेही कार्यकर्त्यांनी त्यांच्या कानावर घालावे.

साफ केल्यानंतर उरलेली आतडी, चोची व कातडी विहिरीजवळ किंवा ओढ्यात टाकू नयेत. कंपोस्टच्या खड्ड्यात मध्यभागी, निदान हातभर खोल पुरून वर पालापाचोळा व मातीचा जाड थर द्यावा, म्हणजे कुत्री उकरीत नाहीत आणि माश्या बसत नाहीत. बाजारातून समुद्रफेसवाली माकूल आणली असल्यास ते कवच टाकू नये. धुऊन उन्हात वाळवावे आणि कुटून परसातील अंड्यांवरच्या कोंबड्यांपुढे ठेवावे; त्यात मुख्यत्वे चुनखडीचाच अंश असतो आणि अंड्याच्या कवचासाठी तो त्यांच्या उपयोगी पडतो.